दिनदर्शिका छापण्यापूर्वी

डिसेंबर उजाडला की घरोघरी नव्या दिनदर्शिकेची चौकशी सुरू होते. एखादी दुकानदाराकडून भेट मिळते, एखादी पतपेढीतून येते, एखादी आपण विकत आणतो. परंतु विद्यार्थी मित्रहो, वर्गाच्या भिंतीवर टांगायला यांपैकी कोणतीही दिनदर्शिका पुरी पडत नाही. आपल्या शाळांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. शिवाय वर्गाच्या दिनदर्शिकेत घटक चाचणीची तारीख हवी, प्रयोगवही देण्याचा दिवस हवा, पर्जन्यमापकाची रोजची नोंद लिहायला जागा हवी. अशी दिनदर्शिका बाजारात मिळणार नाही. ती आपणच तयार केली पाहिजे.

शाळेत संगणक आणि प्रिंटर असेल तर हे काम एका दुपारचे आहे. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाला कामाच्या सूचना देणारी आज्ञावली, एक पैसाही न देता मिळते. अडचण वेगळीच आहे. अशा आज्ञावल्या एक-दोन नाहीत, शेकडो आहेत. त्यांतील कोणती घ्यावी? आणि तिने छापलेले वार बरोबर आहेत हे कशावरून समजावे?

हा दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दिनदर्शिका एकदा भिंतीवर टांगली की तिच्यावर कोणी शंका घेत नाही. तिच्यात वार एका घराने सरकला असेल तर चाळीस मुले चुकीच्या दिवशी परीक्षेला येतील, आणि चूक कोठे झाली हे कोणालाच कळणार नाही. म्हणून छापण्यापूर्वी पारख करायची. ही पारख करण्यासाठी सातवीपर्यंतचे गणित पुरेसे आहे, हेच या लेखात आपण पाहणार आहोत.

फुकट आणि मुक्त

प्रथम दोन शब्द वेगळे करू या. ज्या वस्तूला पैसे पडत नाहीत ती फुकट. परंतु फुकट मिळणारी प्रत्येक आज्ञावली मुक्त असतेच असे नाही. काही आज्ञावल्या महिनाभर फुकट चालतात आणि मग पैसे मागतात. काही फुकट छापू देतात, पण प्रत्येक पानावर आडवे मोठे नाव उमटवतात. काही तुमचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारतात. दिनदर्शिकेचे घर आखायला तुमची जन्मतारीख कशाला हवी, हा प्रश्न अशा वेळी स्वतःला अवश्य विचारावा.

मुक्त आज्ञावलीची कल्पना निराळी आहे. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. त्यांच्या व्याख्येनुसार मुक्त आज्ञावली वापरणाऱ्याला चार हक्क मिळतात: ती कोणत्याही कामासाठी चालवण्याचा, तिची रचना अभ्यासून तीत बदल करण्याचा, तिच्या प्रती इतरांना देण्याचा आणि आपण सुधारलेली प्रत वाटण्याचा. यांतला दुसरा हक्क आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्याने, तिने लीप वर्षाचा नियम कसा लिहिला आहे हे जाणकाराला उघडून पाहता येते आणि चूक असेल तर दुरुस्तही करता येते.

आज्ञावली मुक्त आहे की नाही हे तिच्या परवान्यावरून ओळखता येते. ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, ज्याला थोडक्यात जीपीएल म्हणतात, हा असा एक प्रसिद्ध परवाना आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८९ साली निघाली. मोझिला पब्लिक लायसन्स हा आणखी एक. आज्ञावलीच्या 'माहिती' किंवा 'मदत' या भागात परवान्याचे नाव दिलेले असते. ते प्रथम वाचावे.

कोठे शोधावे?

दिनदर्शिका तयार करणाऱ्या साधनांचे ढोबळमानाने चार वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग अगदी साध्या आज्ञांचा. १९७० च्या दशकापासून युनिक्स या कार्यप्रणालीत 'कॅल' नावाची आज्ञा आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर टर्मिनल उघडावे, 'कॅल' हा तीन रोमन अक्षरांचा शब्द आणि पुढे वर्षाचा आकडा टंकावा, की बारा महिने पडद्यावर उमटतात. चित्र नाही, रंग नाही. पण पडताळा घेण्यासाठी हिच्यासारखे हुकमी साधन नाही. एखाद्या संगणकावर ती नसेल तर लिनक्सच्या भांडारातून विनामूल्य घेता येते.

दुसरा वर्ग तक्ता आज्ञावलींचा. यांत आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात आणि प्रत्येक घरात सूत्र लिहिता येते. लिबरऑफिस या मुक्त संचातील 'कॅल्क' ही अशी आज्ञावली आहे. हा संच २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळा होऊन सुरू झाला. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो. शाळेसाठी हे साधन उत्तम, कारण दिनदर्शिका कशी बनते हे येथे घराघरांत दिसते.

तिसरा वर्ग पानांची सजावट करणाऱ्या आज्ञावलींचा. 'स्क्रायबस' ही या वर्गातील मुक्त आज्ञावली. मासिकाची, पत्रकाची पाने लावण्यासाठी ती वापरतात. तिच्या 'स्क्रिप्ट' या यादीत दिनदर्शिका तयार करणारी एक उप-आज्ञावली आहे. वर्ष, महिने आणि आठवडा कोणत्या वारापासून सुरू करायचा हे ती विचारते आणि पाने आखून देते. चित्रांसह दिनदर्शिका काढायची असेल तर ही उपयोगी.

चौथा वर्ग इंटरनेटवरील तयार पानांचा. वर्ष निवडायचे आणि पान उतरवून घ्यायचे. काम झटपट होते, पण वार कोणत्या नियमाने काढले ते दिसत नाही. अशा पानांची पारख तर अधिकच काळजीपूर्वक केली पाहिजे.

एक सूचना. आज्ञावली नेहमी ती तयार करणाऱ्या संस्थेच्या मूळ स्थळावरून किंवा लिनक्सच्या भांडारातून घ्यावी. मध्यस्थ स्थळांवर 'डाउनलोड' असे लिहिलेली पाच-सहा बटणे दिसतात. त्यांतील एकच खरे असते आणि बाकीच्या जाहिराती असतात. शाळेच्या संगणकावर काहीही बसवण्यापूर्वी शिक्षकांना विचारावे.

दिनदर्शिकेच्या पोटातले गणित

आता पारख करण्यासाठी लागणारे गणित पाहू. त्यात मुख्य संख्या एकच आहे, ती म्हणजे ७.

साध्या वर्षात ३६५ दिवस असतात. ३६५ ला ७ ने भागले तर भागाकार ५२ आणि बाकी १ येते. म्हणून पुढील वर्षी तीच तारीख एक वार पुढे जाते. २०२५ च्या १ जानेवारीला बुधवार होता, म्हणून २०२६ च्या १ जानेवारीला गुरुवार. मधे २९ फेब्रुवारी आली तर तारीख दोन वार पुढे जाते.

लीप वर्षाचा नियम तीन पायऱ्यांचा आहे. वर्षाला ४ ने भाग जात असेल तर ते लीप वर्ष. पण १०० ने भाग जात असेल तर नाही. तरीही ४०० ने भाग जात असेल तर होय. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते आणि २१०० नसेल. ४०० वर्षांत अशी ९७ लीप वर्षे येतात. तेव्हा ४०० वर्षांचे एकूण दिवस ४०० × ३६५ + ९७ = १,४६,०९७. या संख्येला ७ ने भागून पाहा. बाकी शून्य येते! भागाकार २०,८७१ आठवडे. याचा अर्थ असा की दर ४०० वर्षांनी संपूर्ण दिनदर्शिका वारांसकट जशीच्या तशी परत येते.

याहून सोपी गोष्ट म्हणजे, १ जानेवारीला सातांपैकी एक वार असणार आणि वर्ष साधे किंवा लीप असणार. ७ × २ = १४. म्हणजे जगात वर्षाच्या फक्त चौदाच वेगवेगळ्या दिनदर्शिका आहेत. २०२६ ची दिनदर्शिका २०१५ साली येऊन गेली आहे आणि २०३७ मध्ये पुन्हा येईल. जपून ठेवलेली जुनी दिनदर्शिका अशी पुन्हा उपयोगी पडते. तीतील सण मात्र जुळणार नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

आता कोणत्याही तारखेचा वार हाताने कसा काढावा ते पाहू. एक आधाराची तारीख पाठ करा: १ जानेवारी १९०० रोजी सोमवार होता. समजा, १५ ऑगस्ट १९४७ चा वार काढायचा आहे.

१९०० पासून १९४७ पर्यंत ४७ वर्षे झाली. प्रत्येक वर्षाचा एक याप्रमाणे ४७ वार सरकले. मधे १९०४ पासून १९४४ पर्यंत ११ लीप वर्षे आली, त्यांचे ११. बेरीज ५८.

१ जानेवारी १९४७ पासून १५ ऑगस्टपर्यंतचे दिवस: जानेवारी ते जुलै या सात महिन्यांचे ३१ + २८ + ३१ + ३० + ३१ + ३० + ३१ = २१२. त्यापुढे १ ऑगस्टपासून १५ ऑगस्टपर्यंत १४. बेरीज २२६.

५८ + २२६ = २८४. यास ७ ने भागून बाकी ४. सोमवारच्या पुढे चार वार मोजा: मंगळ, बुध, गुरू, शुक्र. देश स्वतंत्र झाला तो वार शुक्रवार होता.

पाच कसोट्या

हाती आलेल्या आज्ञावलीला आता पाच प्रश्न विचारायचे.

पहिली कसोटी: माहीत असलेले वार. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार, भारत प्रजासत्ताक झाला तो २६ जानेवारी १९५० गुरुवार, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तो १ मे १९६० रविवार. हे तिन्ही वार प्रथम हाताने काढा आणि मग आज्ञावलीत पाहा.

दुसरी कसोटी: शतकाची वर्षे. फेब्रुवारी २००० चे दिवस २९ आले पाहिजेत. फेब्रुवारी १९०० आणि २१०० चे २८. या कसोटीचा इतिहास मजेदार आहे. १९८३ साली 'लोटस १-२-३' ही तक्ता आज्ञावली बाजारात आली आणि फार गाजली. तिने १९०० हे लीप वर्ष मानले होते. पुढे आलेल्या 'एक्सेल'ने लोटसमधील तक्ते आपल्याकडे जसेच्या तसे चालावेत म्हणून हीच मोजणी ठेवली. त्यामुळे एक्सेलमध्ये क्रमांक ६० च्या दिवसाला आजही २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख दिसते. तो दिवस कधी उगवलाच नव्हता! परिणामी त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीचे वार तेथे एकाने चुकतात. १ मार्च १९०० पासून पुढे मात्र सर्व ठीक आहे. कॅल्कमध्ये मोजणी ३० डिसेंबर १८९९ या शून्य दिवसापासून सुरू होते. त्यामुळे तेथे ६० व्या दिवशी २८ फेब्रुवारी येते आणि १ मार्च १९०० पासून दोन्ही आज्ञावल्यांचे क्रमांक जुळतात.

तिसरी कसोटी: कमीत कमी आणि जास्तीत जास्त ओळी. येथे २०२६ साल फार सोयीचे आहे. आठवडा रविवारी सुरू केला तर फेब्रुवारी २०२६ बरोबर चार ओळींत मावतो, कारण १ तारखेला रविवार आहे आणि दिवस २८. ऑगस्ट २०२६ ची १ तारीख शनिवारी येते. पहिल्या ओळीत सहा घरे रिकामी राहतात. ६ + ३१ = ३७, आणि पाच ओळींत घरे ३५ च. म्हणून सहावी ओळ लागते. पाचच ओळी आखणारी आज्ञावली येथे ३० आणि ३१ तारीख गाळून टाकील. पुष्कळ छापील दिनदर्शिकांत या तारखा वरच्या रिकाम्या घरांत छापतात, तेही चालेल. पण त्या कोठे तरी दिसल्या पाहिजेत.

चौथी कसोटी: दूरचे वर्ष. पुष्कळ जुन्या आज्ञावल्या वेळ मोजताना १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ द्विमान अंकांच्या जागेत साठवतात. या जागेत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या २,१४,७४,८३,६४७. हे सेकंद भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पुरे होतात. पुढे अशी आज्ञावली भलतेच काही दाखवू लागते. म्हणून जानेवारी २०४० मागून पाहा. १ तारखेला रविवार आला पाहिजे.

पाचवी कसोटी: सप्टेंबर १७५२. लिनक्समधील नेहमीच्या 'कॅल'ला हा महिना विचारा. २ तारखेनंतर एकदम १४ तारीख दिसेल आणि महिना १९ दिवसांचाच भरेल! ही चूक नव्हे. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी त्या वर्षी जुनी जूलियन दिनदर्शिका सोडून ग्रेगोरियन स्वीकारली, तेव्हा ११ तारखा वगळल्या. वार मात्र तुटला नाही: २ तारखेला बुधवार आणि दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, गुरुवार. रोममध्ये हाच बदल १५८२ साली झाला होता. तेथे ४ ऑक्टोबरनंतर १५ ऑक्टोबर आला. कॅल्क १५८२ चा बदल मानते, म्हणून तिच्यात सप्टेंबर १७५२ पूर्ण ३० दिवसांचा दिसतो. दोन आज्ञावल्यांची उत्तरे वेगळी आली, पण दोन्ही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत. आज्ञावली कोणता नियम पाळते हे माहीत असणे किती आवश्यक आहे, हे या कसोटीवरून ध्यानात येईल.

तीन सूत्रांची दिनदर्शिका

आता कॅल्कमध्ये स्वतःच दिनदर्शिका बनवू या. खालील घरांची व सूत्रांची नावे संगणकावर अर्थात रोमन लिपीत टंकायची आहेत.

ए१ या घरात महिन्याची पहिली तारीख लिहा, उदाहरणार्थ १ ऑगस्ट २०२६. तिसऱ्या ओळीत ए३ पासून जी३ पर्यंत रवि, सोम, मंगळ असे सात वार मराठीत टंका. आता सूत्रे:

पहिले, ए४ या घरात: = ए१ − वीकडे(ए१) + १

दुसरे, बी४ या घरात: = ए४ + १

तिसरे, ए५ या घरात: = ए४ + ७

दुसरे सूत्र जी४ पर्यंत आडवे ओढा. तिसरे सूत्र जी५ पर्यंत आडवे आणि मग नवव्या ओळीपर्यंत खाली ओढा. सहा ओळींची ४२ घरे भरली!

हे कसे झाले? 'वीकडे' हे सूत्र रविवारला १, सोमवारला २, याप्रमाणे शनिवारला ७ हा अंक देते. १ ऑगस्ट २०२६ शनिवार, म्हणून अंक ७. पहिल्या तारखेतून ७ वजा करून १ मिळवला, म्हणजे सहा दिवस मागे गेलो: २६ जुलै, रविवार. तेथून उजवीकडे एकेक दिवस आणि खाली सात-सात दिवस. महिना कोणताही असो, पहिले घर नेहमी रविवारचेच येते.

तारखेच्या घराची मांडणी बदलून साधी संख्या अशी केली तर ए४ मध्ये ४६२२९ दिसेल. शून्य दिवसापासून मोजलेला हा दिवसांचा क्रमांक. त्यास ७ ने भागा, बाकी १ येते. या मोजणीत बाकी १ म्हणजे रविवार आणि बाकी ० म्हणजे शनिवार. आज्ञावलीच्या पोटातही आपलेच भागाकाराचे गणित चालते, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

घरात पूर्ण तारखेऐवजी फक्त दिवस दिसावा म्हणून मांडणीच्या चौकटीत 'डी' हे एकच अक्षर ठेवा. शेजारच्या महिन्यातील तारखा फिकट करायच्या असतील तर अटीवर आधारित मांडणी वापरा. अट अशी: त्या घराचा महिना ए१ च्या महिन्याहून वेगळा असेल तर अक्षर राखाडी करा. महिना काढण्यासाठी 'मंथ' हे सूत्र आहे. अटीत ए१ लिहिताना अक्षरापूर्वी आणि अंकापूर्वी डॉलरचे चिन्ह द्या, म्हणजे अट इतर घरांना लावताना ए१ बदलणार नाही. यानंतर ए१ मध्ये १ सप्टेंबर लिहा आणि सगळे पान क्षणात बदलते की नाही ते पाहा.

कागदाचे माप

पडद्यावर सुरेख दिसणारे पान छापताना पुष्कळदा शनिवारचा रकाना दुसऱ्या कागदावर जातो. त्यासाठी माप आधी काढावे. ए४ कागद २९७ × २१० मिलीमीटरचा असतो. तो आडवा धरून चारही बाजूंना १० मिलीमीटर समास सोडला तर २७७ × १९० ची जागा उरते. २७७ भागिले ७, म्हणजे रकान्याची रुंदी साधारण ३९ मिलीमीटर ठेवावी. महिन्याचे नाव व वार यांना ३० मिलीमीटर दिले तर १६० उरतात. त्याचे सहा भाग केले तर प्रत्येक ओळ साधारण २६ मिलीमीटर उंच. एवढ्या घरात तारीख आणि पावसाची नोंद दोन्ही नीट मावतात.

छपाई झेरॉक्सच्या दुकानात करायची असेल तर मूळ तक्ता नेऊ नये. त्याची पीडीएफ करून न्यावी. दुकानातील संगणकावर तुमचा मराठी टंक नसेल तर अक्षरे विस्कटतात, ओळी सरकतात. पीडीएफमध्ये टंक पानाबरोबरच साठवला जातो. आणि बारा महिन्यांच्या प्रती काढण्यापूर्वी एकच पान छापून पाहावे.

आज्ञावलीला विचारू नये असे काही

वार आणि तारखा तीन ओळींच्या नियमाने निघतात. सणांचे तसे नाही. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढायला जो काळ लागतो त्याला तिथी म्हणतात. चंद्राची गती सारखी नसल्याने हा काळ कधी २० तासांहून कमी तर कधी २६ तासांपेक्षा जास्त असतो. शिवाय बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून अधूनमधून अधिक महिना धरावा लागतो. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला. ३८३ दिवसांचे अंतर! जुन्या दिनदर्शिकेतील सण का जुळत नाहीत, हे आता ध्यानात आले असेल. ईदसारखे सण प्रत्यक्ष चंद्रदर्शनावर ठरतात, त्यामुळे त्यांची तारीख एका दिवसाने बदलू शकते.

म्हणून सणांच्या आणि सुट्ट्यांच्या तारखा आज्ञावलीने आपोआप भरलेल्या असतील तर त्या तशाच घेऊ नयेत. तिथीसाठी पंचांग पाहावे. कोलकात्याचे पोझिशनल अॅस्ट्रॉनॉमी सेंटर राष्ट्रीय पंचांग प्रसिद्ध करते. सुट्ट्यांसाठी राज्य शासन दर वर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढते. शाळेची यादी मुख्याध्यापकांकडून घ्यावी. या तारखा हाताने भरायच्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने त्या वाचून पडताळायच्या. एकाने लिहिले, दुसऱ्याने तपासले, ही छापखान्यातील मुद्रितशोधनाची जुनी रीत येथेही उपयोगी आहे.

करून पाहा

१. तुमच्या जन्मतारखेचा वार हाताने काढा. १९०० नंतरच्या लीप वर्षांची गणना करताना २००० हे धरायचे की सोडायचे?

२. सोमवारपासून आठवडा सुरू करायचा असेल तर पहिल्या सूत्रात काय बदल करावा लागेल? वर दिलेल्या सूत्रातील १ च्या जागी २ लिहून पाहा. कोणत्या महिन्यात पहिली तारीखच नाहीशी होते आणि का? (सूचना: १ तारखेला रविवार असलेला महिना घ्या.)

३. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचा १ चैत्र साध्या वर्षी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. चैत्र साध्या वर्षी ३० व लीप वर्षी ३१ दिवसांचा, वैशाख ते भाद्रपद प्रत्येकी ३१ आणि आश्विन ते फाल्गुन प्रत्येकी ३० दिवसांचे. १५ ऑगस्ट २०२६ ची राष्ट्रीय तारीख काढा. उत्तर २४ श्रावण १९४८ आले तर तुमची रीत बरोबर आहे. आता प्रत्येक घरात ही तारीखही बारीक अक्षरांत आणता येईल का?

४. कोणतीही एक फुकट आज्ञावली निवडून तिची पाच कसोट्यांवर परीक्षा घ्या. तक्ता करा: आज्ञावलीचे नाव, परवाना, प्रत्येक कसोटीचा निकाल. हा तक्ता वर्गात लावा.

शिक्षकांना एक सूचना: वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला वर सांगितलेल्या चार वर्गांतील एकेक साधन द्यावे आणि सर्वांना एकाच वर्षाची दिनदर्शिका काढायला सांगावी. चारही पाने शेजारी-शेजारी लावून मुलांना फरक शोधू द्यावेत. जेथे दोन पाने जुळत नाहीत तेथे आधाराची तारीख आणि सातने भागाकार घेऊन मुलांनीच निकाल द्यावा. त्यानंतर जी दिनदर्शिका भिंतीवर लागेल, तिच्यातील प्रत्येक वार का बरोबर आहे हे वर्गातील कोणीही फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकेल.